मोहोर नसलेली पत्रे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



कार्यवाहबाई निमंत्रण द्यावयास घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचा जन्म पोस्टात गेला, तेव्हा यंदा पोस्टींवर बोला." मला वाटले, मनीऑर्डरी आणि बचतपत्रे यांवर बोलावयाचे असेल. त्यावर त्या म्हणाल्या, "तसे नव्हे हो. फोनवरच्या ग्रूपांत आणि चर्चांत ज्या पोस्टी येतात, त्यांतली खऱ्या माणसाने लिहिलेली कोणती आणि बनावट कोणती, ते कसे ओळखावे हे सांगा." विषय ऐकून मी जरा बिचकले. पण नातवंडांच्या मदतीने एकेक गोष्ट वाचीत गेले, तसतसे ध्यानात आले की हे काम माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. चौतीस वर्षे पोस्टाच्या खिडकीमागे मी ज्या प्रश्नांची उत्तरे पाहात आले, तेच हे प्रश्न. हे कोणी लिहिले? कोठून आले? आणि समोरच्याची ओळख पटली काय?

पोस्टात पत्र हाती आले की आमची नजर आधी मोहोरेवर जाई. हस्ताक्षर कसेही असो, मजकूर कितीही गोड असो, शिक्क्यावर गावाचे नाव आणि तारीख ही असावयाचीच. आत कोणी लिहिले असेल की मी मुंबईस सुखरूप पोहोचलो, आणि शिक्का कराडचा असेल, तर घेणाऱ्याने काय ते समजून घ्यावे. मनीऑर्डरीचे तर याहून कडक. पैसे घेणाऱ्या बाईला सही येत नसेल, तर अंगठा घ्यावयाचा आणि शेजारी साक्षीदाराची सही घ्यावयाची. नुसत्या कागदाच्या भरवशावर पैसे हातात पडत नसत. या बाई त्याच आहेत असे सांगणारे कोणीतरी जवळ उभे असावे लागे.

आपल्यांतल्या वडीलधाऱ्या भगिनींना ती साखळीची पोस्टकार्डेही आठवत असतील. वर देवाचे नाव, खाली मजकूर असा की, हे पत्र मिळताच अशीच अकरा पत्रे लिहून पाठवा. एकाने लिहिली, त्याला धनलाभ झाला. एकाने फाडून टाकले, त्याच्या घरी दुखणे आले. खाली सही नाही. ती पत्रे वाटताना पोस्टमन कंटाळून जात. त्या पत्रांत काय असे? थोडा लोभ, थोडी भीती आणि पुष्कळशी घाई. लिहिणाऱ्याचे नाव मात्र नसे. आजच्या बनावट पोस्टींचे कुळ याच घराण्यातले आहे. फरक इतकाच, की पूर्वी अकरा कार्डे लिहिता लिहिता बोटे दुखून येत आणि मधेच माणसाला शहाणपण सुचे. आता बोट एकदाच लावावे लागते.

आता फोनवरच्या चर्चांकडे वळते. तिथे जे बनावट लिहिणारे असतात त्यांच्या तीन जाती आहेत. पहिल्या जातीत माणूस खरा असतो, पण नाव, गाव, धंदा सगळे खोटे सांगतो. दुसऱ्या जातीत एकच माणूस किंवा एकच कंपनी पुष्कळ नावे घेऊन लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावे की सारे गावच असे म्हणते आहे. तिसऱ्या जातीत लिहिणारे माणूसच नसते. यंत्राला सांगून ठेवलेले असते, आणि ते खाते उघडते, लिहिते, उत्तरेही देते. त्याला बॉट म्हणतात. या तिन्हींची एकेक खरी हकीकत सांगते, म्हणजे गोष्ट नीट मनात बसेल.

रशियात सेंट पीटर्सबर्ग शहरी साव्हुश्किना नावाच्या रस्त्यावर ५५ क्रमांकाच्या इमारतीत एक कचेरी होती. तिचे नाव इंटरनेट रिसर्च एजन्सी. तिथे शेकडो माणसे पगार घेऊन पाळीपाळीने, दिवसा आणि रात्री, खोट्या नावांनी चर्चांत लिहीत असत. २०१५ साली ल्युडमिला सावचुक नावाच्या एक पत्रकार बाई मुद्दाम तिथे नोकरीस राहिल्या. सुमारे दोन महिने त्यांनी काम केले, आतले कागद बाहेर आणले आणि पुढे त्या कचेरीवर दावाही लावला. ऑगस्ट २०१५ मध्ये कोर्टाने त्यांना नाममात्र एक रूबल भरपाई देवविली. त्यांना पैसे नकोच होते. ही कचेरी उजेडात यावी, एवढेच हवे होते.

त्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. त्यांच्या विभागाने कांतादोरा नावाची एक भविष्य सांगणारी बाई कल्पनेने तयार केली होती. ही कांतादोरा काय लिही? नवराबायकोंचे कसे जमवावे, वजन कसे उतरवावे, घराची मांडणी कशी असावी, असे सगळे आपल्यासारख्यांनी आवडीने वाचावे ते लिही. आणि मधूनच, सहज बोलावे तसे, परराष्ट्रांच्या राजकारणाविषयी कचेरीला हवे ते सांगून जाई. भगिनींनो, ही युक्ती ओळखून ठेवावयाची. बनावट खाते पहिल्या दिवशी विष ओतीत नाही. आधी पुष्कळ दिवस ते लोणच्याच्या कृती, देवांची चित्रे, सुप्रभात, सगळे देते. आपला विश्वास बसला, की मग ज्या कामासाठी उभे केलेले असते ते काम करते.

याच कचेरीने पुढे अमेरिकेत काय केले ते ऐका. तिने फेसबुकवर दोन पाने चालविली. एकाचे नाव 'हार्ट ऑफ टेक्सास', ते टेक्सासच्या अभिमानी लोकांसाठी. दुसऱ्याचे 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका', ते तिथल्या मुसलमानांसाठी. ह्यूस्टन शहरातील एका इस्लामी केंद्रापुढे पहिल्या पानाने निदर्शनांची हाक दिली. दुसऱ्या पानाने त्याच केंद्राच्या पाठिंब्यासाठी जमण्याची हाक दिली. तारीख एकच, २१ मे २०१६. वेळही एकच. त्या दिवशी रस्त्यावर समोरासमोर जी माणसे उभी राहिली ती खरी होती, त्यांचा रागही खरा होता. मात्र त्यांना बोलावणारे दोन्ही यजमान खोटे होते, आणि ते एकाच कचेरीत, हजारो मैलांवर बसले होते. १ नोव्हेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या सेनेटच्या समितीपुढे हे सारे उघड झाले. तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी सांगितले की, या दोन जमावांना आणण्यास सुमारे दोनशे डॉलर लागले. आपल्याकडे एखाद्या बारशाला याहून अधिक खर्च येतो.

दुसरी हकीकतही अमेरिकेतली आहे. २०१७ साली तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने इंटरनेटच्या नियमांविषयी लोकांची मते मागविली. कंपन्यांनी सर्वांना सारखीच सेवा द्यावी की नाही, असा तो प्रश्न होता. दोन कोटी वीस लाखांहून अधिक मते आली. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी करून मे २०२१ मध्ये अहवाल दिला, तेव्हा कळले की त्यांतली जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख मते बनावट होती. सुमारे ८५ लाख मतांमागे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्या पैशाने चाललेली मोहीम होती. लोकांची संमती मिळवा म्हणून ठेकेदारांना काम दिले होते. त्यांनी संमती न विचारताच खऱ्या माणसांची नावे आणि पत्ते घालून मते धाडली. आणि उलट बाजूची ७७ लाख मते एकोणीस वर्षांच्या एका कॉलेज विद्यार्थ्याने यंत्राच्या साहाय्याने, बनविलेली नावे घालून, एकट्याने पाठविली होती. म्हणजे खोटेपणा एकाच पक्षाचा असतो, असे समजू नये. आपल्या मताच्या बाजूने बोलणाराही बनावट असू शकतो, आणि त्याला ओळखणे सर्वांत कठीण, कारण त्याचे बोलणे आपल्याला गोड लागते.

ही मते पकडली गेली ती कशी? एका अभ्यासकाने २०१७ च्या नोव्हेंबरात दाखविले की, त्यांतली तेरा लाखांहून अधिक मते एकाच साच्यातून काढलेली दिसत होती. वाक्यांची घडण तीच, फक्त शब्द पालटलेले. एके ठिकाणी 'नागरिक', तर दुसऱ्या ठिकाणी 'लोक'. एके ठिकाणी 'विनंती करतो', तर दुसऱ्या ठिकाणी 'आग्रह धरतो', अशा धर्तीवर. लग्नसराईत छापखान्यातून ज्या पत्रिका येतात त्यांत वधूवरांची नावे तेवढी बदलतात, बाकी मजकूर ठरलेला असतो. तसाच हा प्रकार. एकच पत्रिका वाचली तर काही कळत नाही. दहा एकापुढे एक मांडल्या, की साचा दिसतो.

यावरून काही खुणा आपल्या हाती लागतात. त्या सावकाश सांगते.

खाते कधी उघडले आणि आजवर काय लिहिले, हे उघडून पाहावे. कालपरवा जन्मलेले खाते आज एकाएकी मोठ्या वादात सर्वांच्या पुढे असेल, तर थांबावे. जुने खाते असेल, पण वर्षानुवर्षे मुके राहून एके दिवशी भलत्याच विषयावर धो धो बोलू लागले असेल, तरीही थांबावे, कारण जुनी खाती विकली जातात. तोच मजकूर दुसऱ्या नावांनी कोठे आला आहे काय, हे त्यातले एक वाक्य शोधून पाहावे. बनावट खाती पुष्कळदा दुसऱ्याचा जुना लोकप्रिय मजकूर उचलून आपला म्हणून लावतात. लिहिण्याच्या वेळा पाहाव्या. माणूस जेवतो, झोपतो, आजारी पडतो. चोवीस तास, दर दहा मिनिटांनी, कोणी लिहीत नाही. आणि शेवटी, लिहिणारे आपल्याकडून काय मागत आहे ते पाहावे. पैसे, राग किंवा पुढे पाठविणे, यांपैकी काही घाईने मागत असेल तर ते साखळीचे पोस्टकार्ड समजावे.

या खुणांत मी भाषेची खूण सांगितली नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. पूर्वी ती मोठी खूण होती. बनावट मजकूर मोडक्या मराठीत येई, क्रियापदे भलतीकडे जात, आणि आपण हसून सोडून देत असू. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी निघाले, तेव्हापासून ती सोय हळूहळू गेली. सुरुवातीला गंमतही होई. २०२३ साली कित्येक ठिकाणी लोकांनी असे मजकूर पकडले की ज्यांच्या आरंभी यंत्राने स्वतःच इंग्रजीत लिहिले होते, मी यंत्र असल्यामुळे असे लिहू शकत नाही. आणि लावणाऱ्याने न वाचताच ते लावून दिले होते! पण प्रत्येक चोर इतका वेंधळा असेल, या भरवशावर कोणी दार उघडे टाकीत नाही. आज यंत्राचे मराठी पुष्कळदा आपल्याहून शुद्ध असते.

तिसरी हकीकत याच गोष्टीची आहे. रेडिट नावाच्या ठिकाणी 'चेंज माय व्ह्यू' म्हणून एक चर्चामंडळ आहे. २०२५ साली त्याचे सुमारे ३८ लाख सभासद होते. तिथे माणूस आपले मत मांडतो आणि म्हणतो, मला पटवून द्या. ज्याचे पटले त्याला तो खूण देतो. नोव्हेंबर २०२४ पासून चार महिने स्वित्झर्लंडच्या झुरिक विद्यापीठातील काही संशोधकांनी तिथे यंत्राकडून लिहविलेले सतराशेंहून अधिक अभिप्राय टाकले. कोणाला विचारले नाही, कोणाला सांगितले नाही. यंत्राने कधी बलात्कार सोसलेल्या व्यक्तीचा वेष घेतला, कधी पीडितांना धीर देणाऱ्या समुपदेशकाचा, कधी एका कृष्णवर्णीय पुरुषाचा. दुसरे यंत्र समोरच्या माणसाचे जुने लिहिणे वाचून त्याचे वय, स्त्री की पुरुष, राजकीय कल यांचा अंदाज बांधी, आणि त्याला रुचेल असे उत्तर तयार होई. शंभराहून अधिक वेळा माणसांनी या यंत्रांना 'पटले' अशी खूण दिली. आणि संशोधकांच्या टिपणात असेही म्हटले होते की, या चार महिन्यांत हे अभिप्राय यंत्राचे असावेत अशी शंका तिथे कोणीही काढली नाही. एप्रिल २०२५ मध्ये चर्चामंडळाच्या चालकांनी हे जाहीर केले तेव्हा मोठा क्षोभ झाला, आणि तो निबंध प्रसिद्ध न करण्याचे संशोधकांनी ठरविले.

मला सर्वांत लागले ते त्या खोट्या पीडिताचे. एखादी खरी मुलगी धीर करून पुढे येते आणि आपले दुःख लिहिते. उद्या तिला लोक म्हणणार, हेही यंत्रच असेल. खोट्या नाण्याने एकाची फसवणूक होते, हे खरे. पण त्याहून मोठे नुकसान पुढे होते. बाजारात खरे नाणेसुद्धा कोणी घेईनासे होते.

आता आपल्याकडचे पाहू. कोणी म्हणेल, ह्यूस्टन आणि झुरिक आपल्याला काय करावयाचे? भगिनींनो, १ जुलै २०१८ हा दिवस आठवा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी त्या दिवशी बाजार होता. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे मजकूर आणि चित्रफिती फोनवरून कित्येक दिवस फिरत होत्या. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसे त्या गावात आली. संशय आला, जमाव जमला, त्यांना खोलीत कोंडले आणि जिवे मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते. त्या वर्षी देशभर फिरलेली अशी एक चित्रफीत मुळात पाकिस्तानात, कराचीत, पालकांनी मुलांना जपावे म्हणून केलेली होती. मोटारसायकलवरचा माणूस मूल उचलतो आणि शेवटी परत आणून ठेवून तसा फलक दाखवितो, अशी ती होती. कोणीतरी शेवटचा भाग कापून टाकला. तेवढ्या कात्रीने जनजागृतीच्या चित्राची अफवा झाली.

ज्यांनी ते मजकूर पुढे पाठविले ती बहुतेक माणसे वाईट नव्हती. त्यांच्या घरी मुले होती, म्हणूनच त्यांनी पाठविले. आयांच्या काळजीवर पाय ठेवूनच ही पत्रे चालतात, म्हणून हा विषय आपल्या मंडळाचा आहे.

त्या सुमारास व्हॉट्सॲपने हिंदुस्थानात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी मजकूर पुढे पाठविता येणार नाही, असे केले. २०२० सालापासून फार फिरलेला मजकूर तर एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो, आणि त्यावर दोन बाणांची खूण दिसते. ही एका परीने मोहोरच आहे, पण अर्धी. हे पत्र पुष्कळ हातांतून आले एवढे ती सांगते; कोणाच्या हातून निघाले ते सांगत नाही. दोन बाण दिसले, की पाठविणाऱ्या मैत्रिणीला राग न येईल अशा रीतीने विचारावे, "अगं, हे तुला कोणी सांगितले? त्यांनी स्वतः पाहिले का?" दोन-तीन घरे मागे गेले, की बहुधा वाट संपते आणि पाहिलेले कोणीच सापडत नाही.

एवढ्या खुणा सांगितल्यावर मला एक इशाराही दिला पाहिजे, कारण अर्धी विद्या हाती आली की माणूस सगळीकडे भुते पाहू लागतो. ही गोष्ट आपल्याच वसाहतीतली आहे, आणि जिची आहे तिला विचारून सांगते. गेल्या पावसाळ्यात आपल्या ग्रूपवर एक नवे खाते आले. नावाच्या जागी दोन अक्षरे, चित्राच्या जागी कमळ. लिहिणे नेहमी रात्री दोन-तीन वाजता. तेही तुटक: 'औषधाचे दुकान कोणते उघडे?' 'पाणी किती वाजता?' उत्तर कोणी दिले तर नेहमी तोच एक शब्द, 'धन्यवाद.' खुणांच्या यादीवर बोट ठेवीत गेले तर सगळ्या जुळत होत्या. कोणीतरी सर्वांदेखत लिहिले, हा बॉट आहे. चार जणांनी होकार दिला. आणि ते खाते काढून टाकले गेले.

दोन दिवसांनी आपल्या मंडळाच्या दोघी भगिनींनी त्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून हळू आवाजात एक बाई बोलली. मागच्या इमारतीत तळमजल्यावर नव्याने राहावयास आलेली. नवरा परगावी नोकरीला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्री त्यांच्या उशाशी बसून ती फोनवर लिही. एका हाताने जेवढे लिहिता येई तेवढे. ज्या रात्री तिला काढून टाकले त्याच रात्री सासूबाई पलंगावरून घसरल्या. उचलावयास कोणी येईल का, असे विचारावे म्हणून तिने फोन उघडला तो दार बंद. पहाटे दूधवाला येईपर्यंत ती दोघींच्या अंगावर एकच पांघरूण घेऊन जमिनीवर बसून राहिली होती.

कोणाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. खुणा संशय घेण्यापुरत्या असतात, न्याय देण्यापुरत्या नसतात, एवढेच मला म्हणावयाचे आहे. पोस्टातसुद्धा शिक्का पुसट असला म्हणून आम्ही पत्र फाडून टाकीत नसू. चौकशी करीत असू. यंत्राने लिहिले की माणसाने, हे केवळ मजकुरावरून यापुढे कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही. तुम्हांला येणार नाही, मला येणार नाही, आणि ओळखून देतो म्हणणाऱ्या यंत्रांनाही येत नाही. ती माणसांच्या लिहिण्यावरही खुशाल बनावटीचा शिक्का मारतात. मग उरते काय? मनीऑर्डरीच्या वेळचा साक्षीदार उरतो. कोणीतरी उठून त्या दारापर्यंत जावे लागते.

अडतीस लाख सभासदांच्या चर्चामंडळाला हे शक्य नाही. आपल्याला आहे. आपण सगळ्या मिळून दीडएकशे घरे. एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जातो, कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे आपल्याला ठाऊक असते. ही आपली मोठी ठेव आहे. म्हणून मंडळापुढे मी चार सूचना ठेवते.

पहिली. ग्रूपवर नवे नाव घेताना दोघी सभासदांनी त्या व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून यावे आणि आम्ही ओळखतो असे सांगावे. यात चौकशीचा ताठा नको. जाताना वाटीभर काहीतरी घेऊन जावे. नव्या माणसाला शेजार मिळेल आणि ग्रूपला साक्षीदार मिळेल.

दुसरी. मुले पळविणे, विषारी पाणी, बुडती बँक, रामबाण औषध अशा भीतीच्या किंवा लोभाच्या बातम्या, स्वतः पाहिलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय पुढे पाठवू नयेत. खरोखरच धोका दिसत असेल, तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. ग्रूपवर लिहिण्याने पोलीस येत नाहीत, जमाव मात्र येतो. पैशांची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता त्याच घटकेस १९३० क्रमांकावर फोन करावा.

तिसरी. एखाद्या खात्याचा संशय आला तर ते चारचौघांत लिहू नये. मंडळाने तिघी भगिनी नेमाव्या, त्यांना सांगावे. त्यांनी फोन करावा, जमल्यास घरी जावे. तीन दिवसांत कोणीच समोर आले नाही, तर मग खाते काढावे.

चौथी आपल्या स्वतःविषयी. कित्येक भगिनींना लिहिण्याची सवय नाही. त्या यंत्राला तोंडी सांगून लिहून घेतात. त्यात कमीपणा काही नाही. पूर्वी पोस्टाबाहेर लेखनिक बसत, त्यांच्याकडून आपल्या आज्या पत्रे लिहून घेतच होत्या. पण शेवटी नाव आज्ञेप्रमाणे पाठविणारीचे असे आणि शब्दांची जबाबदारीही तिचीच असे. तसेच करावे. मजकूर लिहून घेतला असेल तर तसे एका ओळीत सांगावे, आणि खाली आपले खरे नाव घालावे.

या सूचना मान्य असतील तर आजच आरंभ करू. दाराशी मेजावर एक वही ठेविली आहे. जाताना प्रत्येकीने आपले नाव, घराचा क्रमांक, आणि आपण समक्ष ओळखतो अशा दोन घरांची नावे तीत लिहावीत. तळमजल्यावरच्या त्या बाईंच्या घरी रात्री आळीपाळीने जाण्यासाठी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर जागा ठेविली आहे. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.